मामांचे दोन लाख आधी परत कर

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू शेवटच्या चार ओळींत उरकली आहेस. मी तिथूनच सुरुवात करते. मामांनी तुझ्या खात्यावर भरलेले दोन लाख याच आठवड्यात परत कर. बँकेतूनच कर, म्हणजे नोंद राहील. त्या पैशांना अजून हात लावलेला नाही असं तू लिहिलंयस, म्हणून हे आज जमण्यासारखं आहे. दोन महिन्यांनी जमेलच असं नाही. दोघा मावसभावांनी आणखी चार लाख देऊ केलेत, त्यांनाही आजच फोन करून नाही म्हण.

इतर वाचकांना पत्र कळावं म्हणून थोडक्यात सांगते. लिहिणारा पंचवीस वर्षांचा, इचलकरंजीचा, बी.कॉम. झालेला. एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहितो, पगार २४ हजार. वडिलांचे आठ माग खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने, चालतात. आईने जमवलेले चार लाख गावातल्या पतसंस्थेत आहेत आणि बहिणीचं लग्न दोन वर्षांवर आलंय. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये (निफ्टी निर्देशांक ठरलेल्या मुदतीत वर जाईल की खाली, यावरचे सौदे) याने चार महिन्यांत ४१ हजार कमावले आणि पुढच्या तीन आठवड्यांत ६३ हजार घालवले. तरीही नातेवाईक बाजारात लावण्यासाठी विश्वासाने पैसे द्यायला तयार आहेत आणि याने त्यांना महिना दोन टक्के कबूल केलेत. वॉरन बफेट, पीटर लिंच या अमेरिकेतल्या नामांकित गुंतवणूकदारांबद्दल बरंच वाचलंय. विचारतोय की, नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच करू का? घरचे पैसे कुठे ठेवू? आणि फंड मॅनेजर, म्हणजे म्युच्युअल फंडाचे पैसे कुठे लावायचे ते ठरवणारा, व्हायचं तर वाट कुठली?

मला तू ताई म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते आणि स्पष्ट लिहिते.

महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस, आणि व्याजावर व्याज धरलं तर जवळपास सत्तावीस टक्के. आता तुझ्या आवडत्या पीटर लिंचकडे बघ. १९७७ ते १९९० या तेरा वर्षांत त्याने अमेरिकेतल्या फिडेलिटी कंपनीचा मॅगेलन फंड चालवला. वर्षाला सरासरी २९.२ टक्के परतावा दिला, म्हणजे गुंतवलेल्या पैशांचे साधारण अठ्ठावीस पट झाले. म्युच्युअल फंडांच्या इतिहासात याच्या जवळ पोचलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण त्याने कुणाला दरमहा ठरावीक टक्के कबूल केले नव्हते, आणि बाजार जोरात पडला की आपलाही फंड पडायचा हे तो उघडपणे सांगतो. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला, तेव्हा हा माणूस सुट्टीवर आयर्लंडमध्ये होता. म्हणजे जे सरासरीने, खाचखळग्यांतून, तेरा वर्षांत जगातल्या एका उत्तम माणसाला जमलं, जवळपास तेच तू मामांना दर महिन्याला, न चुकता, द्यायचं कबूल करून बसला आहेस.

यावर तू काय म्हणशील ते पत्रातच आहे. बफेटनेही पंचविसाव्या वर्षी घरच्यांच्या आणि मित्रांच्या पैशांवरच सुरुवात केली. खरं आहे. १९५६ साली त्याच्या ओमाहा या गावी सात जणांचे १ लाख ५ हजार डॉलर आणि स्वतःचे शंभर, अशी ती पहिली भागीदारी. पण त्याच्या आधीची चौदा वर्षं तू सोडून दिलीस. अकराव्या वर्षी त्याने सिटीज सर्व्हिस नावाच्या कंपनीचे तीन शेअर ३८ डॉलरने स्वतःसाठी घेतले आणि तीन बहिणीसाठी. भाव २७ पर्यंत उतरला. शाळेत जाताना बहीण रोज त्या शेअरची आठवण काढायची. चाळीसला पोचल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकून ते विकले, आणि पुढे तो शेअर दोनशेवर गेला. घरच्या माणसाचे पैसे हातात असले की आपला निर्णय कसा हलतो, हे त्याला अकराव्या वर्षी तीन शेअरमध्ये कळलं. मग कोलंबिया विद्यापीठात बेंजामिन ग्रॅहॅमकडे शिक्षण, आणि १९५४ ते ५६ त्याच ग्रॅहॅमच्या कंपनीत नोकरी. भागीदारी केली ती लेखी करार करून. पुढे भागीदारांना जे मूळ नियम पाठवले, त्यात परताव्याची कोणतीही हमी नाही असं अगदी सुरुवातीलाच बजावलं. आणि १९६९ मध्ये, आपल्या पद्धतीने घेण्याजोगे शेअर बाजारात सापडत नाहीत असं दिसल्यावर, त्याने ती भागीदारी बंद करायला घेतली.

शिवाय आपल्याकडचा कायदा बघ. दुसऱ्याचे पैसे शेअर बाजारात चालवायचे तर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी लागते. अशी नोंदणी घेतलेल्या पोर्टफोलिओ मॅनेजरला एका ग्राहकाकडून किमान पन्नास लाख घ्यावे लागतात, ते एवढ्यासाठीच की दोन-दोन लाखांची माणसं या जोखमीत ओढली जाऊ नयेत.

एक घरातली गोष्ट सांगते, आजवर सदरात कधी लिहिली नव्हती. माझ्या माहेरच्या नात्यातल्या एकाने २००७ साली आठ नातेवाइकांचे मिळून अकरा लाख घेतले होते. हुशार माणूस, नीयत साफ. निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येकाचं एक पान होतं आणि दर महिन्याला नफा लिहिला जायचा. जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारांच्या घरात होता, मार्च २००९ ला ८ हजारांच्या आसपास. त्या वहीत मार्चनंतरची पानं कोरी आहेत. त्याने कुणाचा रुपया बुडवला नाही, गावाकडचा प्लॉट विकून २०१६ पर्यंत सगळ्यांचे पैसे फेडले. पण त्या सात वर्षांत तो एकाही लग्नाला आला नाही. गणपतीत आरतीला दाराशी उभा राहून परत जायचा. तुझं पत्र वाचताना मला ती वही दिसत होती.

ऑप्शनबद्दल फार लिहीत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन आर्थिक वर्षांचा अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात होते आणि खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाखांचा. तुझे ६३ हजार नशिबाने गेले नाहीत, तिथे बहुतेकांचं हेच होतं. विकत घेतलेल्या ऑप्शनचा भाव काळ सरेल तसा आपोआप झिजतो. तुझं मत बरोबर ठरलं पण एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपल्याच्या, दुसऱ्या दिवशी ठरलं, तरी पैसे गेलेच. ते ॲप मोबाईलवरून काढून टाक आणि गेलेले पैसे तिथूनच परत मिळवायचा विचार सोड.

आता मला ज्यावर मनापासून लिहायचंय ते.

लिंचला फंड मिळाला १९७७ मध्ये, पण फिडेलिटीत तो पहिल्यांदा गेला १९६६ साली, उन्हाळ्यापुरता उमेदवार म्हणून. तो दहा वर्षांचा असताना वडील गेले, अकराव्या वर्षापासून तो गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या काठ्यांच्या पिशव्या वाहायचा. त्यातलेच एक गृहस्थ फिडेलिटीचे अध्यक्ष निघाले, म्हणून दार उघडलं. यात नशिबाचा वाटा होता, तो मान्य करायला हवा. पण पुढचं बघ. मध्ये सैन्यातली दोन वर्षं करून तो १९६९ ला पूर्ण वेळ कामाला लागला आणि त्याच्याकडे विभाग आले ते कापड, धातू, खाणी, रसायनं असे. कापड! आठ वर्षं तो कंपन्यांचे ताळेबंद वाचत, कारखान्यांत जात, लोकांना फोन करत होता, आणि तेवढ्यावर त्याच्या हाती जो फंड आला तो जेमतेम १.८ कोटी डॉलरचा. १९९० मध्ये त्याने सोडला तेव्हा तो १,४०० कोटी डॉलरचा झाला होता. सोडला तेव्हा वय ४६. त्याचे वडील त्याच वयात गेले होते, आणि मुली मोठ्या होताना आपण घरी नाही हे त्याला सलत होतं.

त्याचा एक किस्सा तुला माहीत असेल, पण अर्धाच. त्याच्या बायकोने किराणा दुकानातून लेग्ज नावाचे स्टॉकिंग आणले, अंड्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या डबीत मिळायचे. तिला ते फार आवडले. लिंचने बनवणारी कंपनी शोधली, हेन्स, आणि तिचे शेअर घेतले. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, दुकानात गर्दी दिसली की शेअर घ्यायचा. उरलेला अर्धा किस्सा असा की, काही काळाने दुसऱ्या कंपनीने तसाच माल बाजारात आणला. आता हेन्सचा धंदा जाणार का? लिंचने दुकानात जाऊन त्या नव्या मालाचे ४८ जोड विकत घेतले, ऑफिसात वाटले आणि वापरून सांगा म्हणाला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं, हा माल तेवढा चांगला नाही. मग त्याने हेन्सचे शेअर ठेवले. मला त्या माणसाचं मोठेपण त्या ४८ जोडांत दिसतं.

आणि तू कुठे बसला आहेस बघ. सुताच्या पेढीवर. चाळीस काऊंटच्या (काऊंट म्हणजे सुताच्या जाडी-बारीकपणाचं माप) सुताचा भाव सकाळी काय होता आणि संध्याकाळी काय झाला, कुठल्या गिरणीचा माल उचलला जातोय, कुणाचे चेक परत येताहेत, खर्चीवाल्याची मजुरी किती महिने तुंबलीय, हे तुला मुंबईतल्या वातानुकूलित ऑफिसातल्या विश्लेषकाच्या आधी कळतं. मी १९९४ ते २०१९ एका म्युच्युअल फंड कंपनीच्या संशोधन विभागात होते. कापड कंपन्यांबद्दल विचारायचं झालं की आम्ही भिवंडी-मालेगावला फोन लावून बसायचो, तुझ्यासारखं कुणी भेटावं म्हणून.

तेव्हा असं कर. शेअर बाजारात नोंदलेली एक सूत किंवा कापड कंपनी निवड. तिचे गेल्या दहा वर्षांचे वार्षिक अहवाल कंपनीच्या वेबसाइटवर किंवा शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. वही घे आणि हाताने आकडे उतरव. नफा शेवटी बघ. आधी उधारी बघ, कारण ती तुला रोजच्या कामातून कळते. समज, कंपनीची विक्री १०० कोटी आणि येणं बाकी २५ कोटी. म्हणजे साधारण ९१ दिवसांची उधारी. पुढच्या वर्षी विक्री १३० कोटी झाली, सगळीकडे पेढे वाटले, शेअर वर गेला. पण येणं बाकी झालं ४५ कोटी. म्हणजे १२६ दिवस. विक्री तीस टक्क्यांनी वाढली आणि उधारी ऐंशी टक्क्यांनी. पेढीवर एखाद्या व्यापाऱ्याचं खातं असं दिसलं तर तुझे मालक काय म्हणतील? माल खपवायला हात सैल सोडलाय, म्हणतील. तेच इथे म्हणायचं. मग साठा बघ, कापसाचा भाव उतरला की गोदामातला माल कसा तोटा देतो हे तुला मी सांगायला नको. मग कर्ज. मग रोख प्रवाहाचं पत्रक उघडून बघ की वहीत दिसणाऱ्या नफ्यातला खरा पैसा किती आत आला. असं एका कंपनीला महिना लागेल. लागू दे.

नोकरी सोडू नकोस, हे यातच आलं. ती पेढी तुझी शाळा आहे.

शिक्षणाचं. फंड मॅनेजर होणाऱ्यांत सीए, एमबीए आणि सीएफए झालेले जास्त असतात. सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) तीन परीक्षा आहेत, नोकरी सांभाळून देता येतात, पण खर्चीक आहेत आणि इंग्रजी पक्कं लागतं. तुला मी सुरुवातीला एनआयएसएमची रिसर्च ॲनालिस्टची परीक्षा द्यायला सांगेन. ही सेबीने काढलेली संस्था, तिचा परिसर आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. ती परीक्षा झाली की पतमानांकन कंपन्या, ब्रोकरांचे संशोधन विभाग, बँकांचे कर्ज विभाग इथे अर्ज कर. पतमानांकनाचं काम मला जास्त आवडेल तुझ्यासाठी, कारण तिथे दिवसभर एकच प्रश्न असतो, हा माणूस पैसे परत करू शकेल का. फंड हातात यायला तिथून दहा-बारा वर्षं लागतात. बऱ्याच जणांच्या हाती कधीच येत नाही आणि तेही चांगलं आयुष्य काढतात, मी त्यातलीच एक.

राहिले घरचे पैसे. इथे लिंच-बफेट यांना बाजूला ठेव. तुला शेअर निवडायला शिकायचंय ते तुझ्या वहीत शिक, आईच्या पैशांवर नाही.

चांगला मॅनेजर शोधून त्याच्या फंडात टाकू, असंही मनात येईल. अमेरिकेत बिल मिलर नावाचा फंड मॅनेजर होता. त्याच्या फंडाने १९९१ ते २००५ सलग पंधरा वर्षं तिथल्या एसअँडपी ५०० निर्देशांकाला मागे टाकलं. पंधरा वर्षं बघून ज्याने पैसे टाकले, त्याच्या वाट्याला २००८ आलं, आणि त्या एका वर्षात फंड निम्म्याहून जास्त उतरला. माणूस मूर्ख नव्हता. पण पुढची पंधरा वर्षं कोण चांगला ठरणार, हे आधी ओळखणं तुला-मला जमणारं नाही.

म्हणून मला या सगळ्यांत जॉन बोगल जास्त जवळचा वाटतो. जानेवारी १९७४ मध्ये त्याला त्याच्याच कंपनीतून काढलं, त्याच वर्षी त्याने व्हॅनगार्ड काढली, आणि १९७६ मध्ये सामान्य लोकांसाठी पहिला इंडेक्स फंड आणला. इंडेक्स फंड म्हणजे निवडानिवड करायचीच नाही, निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्या त्या त्या प्रमाणात घ्यायच्या आणि खर्च कमीत कमी ठेवायचा. पंधरा कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले १ कोटी १३ लाख. लोक हसले. तीस-चाळीस वर्षांनी बफेटने दहा लाख डॉलरची पैज लावली की, २००८ ते २०१७ या दहा वर्षांत साधा इंडेक्स फंड निवडक हेज फंडांच्या (श्रीमंतांचे पैसे भारी शुल्क घेऊन चालवणारे फंड) गटाला हरवेल. इंडेक्स फंडाने वर्षाला ७.१ टक्के दिले, त्या गटाने सरासरी २.२ टक्के. पैजेचे पैसे ओमाहातल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले.

खर्च एवढा का महत्त्वाचा, ते तू दरमहा बाजूला टाकू शकशील अशा रकमेवर सांगते. दरमहा ३ हजार, पंचवीस वर्षं. तू घातलेस एकूण ९ लाख. फक्त हिशेबासाठी बारा टक्के धर, याला वचन समजू नकोस. सुमारे ५६ लाख होतात. तोच फंड वर्षाला एक टक्का जास्त खर्च कापत असेल, तर हाती अकरा टक्के, आणि होतात सुमारे ४७ लाख. फरक नऊ लाखांचा, म्हणजे तू आयुष्यभरात जेवढे घातलेस जवळपास तेवढे. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. तोच घे.

पण एसआयपीच्या, म्हणजे या दरमहा ठरावीक गुंतवणुकीच्या, आधी बाकीची कामं आहेत. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेत, सहकारी बँकेतही, एका ठेवीदाराचे पाच लाखांपर्यंतचे पैसे विम्यात येतात, पतसंस्थेत येत नाहीत. जास्त व्याज मिळतं ते यासाठी. मुदत संपेल तसतसे आईचे पैसे बँकेत आण. त्यातले दोन लाख बहिणीच्या लग्नाचे, त्यांना मुदत ठेवीशिवाय दुसरी जागा नाही. दोन वर्षांत लागणारा पैसा बाजारात घालायचा नसतो, २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात तेरा टक्के पडला होता, आणि लग्नाची तारीख बाजारासाठी थांबत नाही. उरलेले दोन लाख घराचा अडीअडचणीचा पैसा, तेही ठेवीतच. मागांना महिना-दोन महिने काम नसतं, हे तू जाणतोस.

आई-वडिलांचा आरोग्य विमा काढ. तुझ्या पगारावर घर अवलंबून आहे, म्हणून तुझा साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त तुझं काही बरंवाईट झालं तर घराला पैसे देणारा विमा. विमा आणि गुंतवणूक एकत्र करून विकणारा कुणी दाराशी आला तर चहा पाजून पाठव. मग पीपीएफचं खातं, महिना हजार रुपये का होईना, आणि त्यानंतर ती ३ हजारांची एसआयपी निफ्टीच्या इंडेक्स फंडात. बाजार पडला म्हणून ती थांबवायची नाही, एवढंच तिथे करायचं आहे. सोन्याबद्दल विचारलंयस. आईच्या अंगावर आहे तेवढं पुरे.

मामांना काय सांगू, हे तू विचारलेलं नाहीस, पण तेच तुला अवघड जाणार आहे. फोनवर नको, घरी जा. पैसे आधीच त्यांच्या खात्यावर पोचलेले असू देत. ६३ हजार घालवलेत हेही त्यांना सांग, तुझ्या पत्रावरून वाटतं की त्यांना फक्त ४१ हजारांचं माहीत आहे. ते रागावतील, किंवा हसून सोडून देतील. दोन्ही चालेल.

आणि पहिल्या कंपनीची वही भरली की तिचे फोटो मला पाठव. उधारीचे दिवस कसे काढलेस ते मी आधी बघेन.